काचेआडून वाचलेले ओठ

सर्वसाक्षी परमेश्वराला स्मरून मी, या यंत्रमागाच्या शेडचा मालक, वय अठ्ठ्याहत्तर, पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो. माझी बुद्धी स्थिर आहे. हात कापतो तो वयाने, कोणाच्या धाकाने नव्हे. कान उत्तम आहेत. डॉक्टर कालच तपासून म्हणाले, "मालक, तिशीतल्या माणसाचे कान आहेत तुमचे!" या वाक्याने मला आनंद झाला नाही; त्याचे कारण पुढे येईल. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करतो. त्यांत मिळकत सगळी होती, सत्य नव्हते.

कलम पहिले. राहते घर सामानासह चिरंजीवास द्यावे. तो दूरदेशी असतो आणि दर रविवारी न चुकता फोन करतो. तो विचारतो, "बाबा, शेडचं काय ठरवलंत? गोदामाला सोन्यासारखी जागा आहे." मी विचारतो, "जेवलास का?" अशी आमची दोन स्वतंत्र संभाषणे एकाच फोनवर चालतात. घरात सहा खोल्या आहेत. पाचांत माझे जाणे होत नाही. मोरीतला नळ गळतो. पत्नी गेल्यापासून तो मी दुरुस्त केला नाही, कारण घरात तेवढाच कोणी बोलतो. माझ्यामागे चिरंजीवाने तो खुशाल बदलावा.

कलम दुसरे. माझ्या पोथ्या ज्याला वाचायच्या असतील त्याने न्याव्यात. शोभेसाठी मागणाऱ्यास देऊ नयेत. साठ वर्षे मी पारायणे केली, प्रवचने केली. भक्तीच्या नऊ प्रकारांत श्रवण पहिले, हे मी इतक्यांदा सांगितले की श्रोते माझ्याआधी मान डोलवत. त्याच वर्षांत माझ्या शेडमध्ये चाळीस माणसांचे श्रवण रोज थोडेथोडे झिजत होते. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

कलम तिसरे. केबिनमधली फिरती खुर्ची मेहुण्यांना द्यावी. सासऱ्यांमागे शेड माझ्याकडे आली तेव्हा त्यांनीच सुचवले होते, "दाजी, मालकाने हा खडखडाट का म्हणून सोसायचा?" मला ते पटले आणि केबिनला दुहेरी जाड काच बसली. पुढे कारखाने तपासणारे साहेब कानांत घालायच्या बोळ्यांचा खोका नमुना म्हणून ठेवून गेले. त्यातली एक जोड मी वापरली, बाकी कपाटात गेल्या. अहवालात मी लिहिले, 'कामगार घालण्यास तयार नाहीत.' कोणाला विचारले नव्हते. खुर्चीचे एक चाक निखळले आहे. ते तसेच राहू द्यावे. मेहुण्यांनी जपून बसावे.

कलम चौथे. शेड, चाळीस माग आणि बँकेतील माझी ठेव कामगारांच्या सहकारी संस्थेस द्यावी. ठेवीतून प्रथम सर्वांचे कान तपासावेत, श्रवणयंत्रे घ्यावीत, मागांचा आवाज कमी करण्याचे जे उपाय मला महाग वाटले ते करावेत. पाचव्या कलमात ज्या दोघांचा उल्लेख आहे, त्यांच्या मुलाबाळांना संस्थेत आधी घ्यावे. चिरंजीवाने यास दान समजू नये आणि माझ्या नावाची पाटी तर मुळीच लावू नये. ज्यांचे घेतले त्यांनाच देणे, याला शास्त्रात दान म्हणत नाहीत.

कलम पाचवे. हे मिळकतीचे नाही.

मी जन्माने मालक नव्हे. विसाव्या वर्षी मी सहा नंबरच्या मागावर विणकर होतो आणि सात नंबरवर माझा जोडीदार होता. त्याला सगळे शिट्टी म्हणत, कारण तो दिवसभर शिट्टी वाजवी आणि त्या गदारोळात ती कोणालाच, त्यालाही, ऐकू येत नसे. शेडमध्ये बोलणे कानांनी होत नाही. आम्ही ओठ हलवतो, समोरचा ओठ वाचतो. थट्टा, भांडण, मुलीचे लग्न ठरल्याची बातमी, सारे ओठांवर. आम्ही दोघे पैज लावून शेडच्या दोन टोकांवरून बोलायचो. वीस पावलांवरून वाचणे दुसऱ्या कोणाला साधले नाही.

पुढे मी जावई झालो, मालक झालो, काचेआड गेलो. मला आता काही कळत नाही असे कामगार समजत आणि मी त्यांना तसे समजू दिले.

तीस वर्षांपूर्वी एका शुक्रवारी शिट्टी शेजारच्या दोघांना सांगत होता, "सोमवारी सगळे माग बंद ठेवू. कानांचं काहीतरी करा म्हणावं. मालक आपल्यातलाच आहे, ऐकेल." मी काचेआडून अक्षरन् अक्षर वाचले. शनिवारी त्या दोघांना कामावरून काढले. शिट्टीला ठेवले. मैत्री जपली, असे तेव्हा मला वाटले.

बाहेर एकच अर्थ निघाला: शिट्टी फितूर झाला. त्या दिवसापासून शेडमध्ये त्याच्याकडे कोणी तोंड केले नाही. जिथे बोलणे डोळ्यांनी ऐकतात, तिथे तोंड फिरवणे म्हणजे माणसाला जिवंतपणी पुरणे. निवृत्त होईतो वीस वर्षे तो तसा उभा राहिला. काचेआडून कोणी वाचले, हे त्याला ठाऊक होते. त्याने सांगितलेही असेल. पण ज्याच्याकडे कोणी पाहतच नाही, त्याचे ओठ वाचणार कोण? मी रोज काचेतून पाहत होतो. एका वाक्याचे काम होते.

म्हणून लिहून देतो: शिट्टी फितूर नव्हता. मी वाचले.

हा मसुदा मी परवा शिट्टीच्या मुलीस दाखवला. ती आमच्या शेडची जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारी, आहे; बिघडलेला माग नुसता तळहात टेकवून ओळखते. तिने सारे वाचून कागद परत दिला.

"छान लिहिलंय, मालक. हे कधी उघडायचं?"

"माझ्यामागे."

"आणि तोवर बाबा राहिले नाहीत तर?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"मला अजून फितुराची पोरगी म्हणतात, ते जाऊ द्या, माझं कातडं जाड आहे. बाबा आरशापुढे बसून ओठ हलवतात, मालक. आरशाशी बोलतात. मेल्यावर खरं बोलायला नुसता वकील लागतो. तुम्ही शेडमध्ये या. माग चालू असताना सांगा."

आज सकाळी दहाला मी सहा नंबरच्या मागाजवळ उभा राहिलो. कानांत काही घातले नव्हते. इतक्या वर्षांत ओठ गंजले होते; तिथली विणकर बाई म्हणाली, "दमानं, मालक. तोंड नीट उघडा." मी तीनदा सांगितले. कोणी ओरडले नाही. सर्वांत जुन्या विणकराने माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आपला माग बंद केला आणि पाठ फिरवली. मग शेजारचा माग थांबला, मग त्याच्या पलीकडचा. चाळीसही थांबले. माझ्यासाठी कोणी थांबले नव्हते. जॉबरबाई वडिलांना आणायला निघाल्या होत्या आणि सगळे दाराकडे पाहत होते.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि समजून सही करीत आहे.

ठिकाण: शेडची केबिन. दिनांक अकरा, मंगळवार, दुपारचे दोन.

सही: मालक

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. माझ्यासमक्ष सही केली. दवाखाना उघडायचा असल्याने यांनी दोनदा घड्याळ दाखवले.

साक्षीदार दुसरे: शिट्टी, निवृत्त विणकर. यांनी होकार दिला आहे, परंतु ते अद्याप शेडमध्येच आहेत. त्यांच्याभोवती उभे असलेल्यांचे बोलणे संपलेले नाही. काचेकडे मी पाठ करून बसलो आहे. ते येईपर्यंत ही जागा कोरी ठेवावी. मला घाई नाही.