आईचं माहेरचं आडनाव

शनिवार, ४ मार्च २००६. रेगेन्सबर्ग

लेक-जावई हॅनोव्हरहून आलेत. सुलेखाच्या दंडावर निळं-पिवळं! दार लागलं म्हणे. सत्तर वर्षं दारं बघतेय — कुठल्या दाराला चार बोटं असतात?

जावई माझ्या मुलाबरोबर, हरीशबरोबर, गाडीचे टायर बघायला गेला, तेवढ्यात आम्ही तिघी कम्प्युटरपुढे बसलो. घरच्या फोनचं बिल तो आकडा-आकडा तपासतो. मोबाइल त्याच्याच खिशात. पण नात अन्वीला किंडरगार्टनला सोडलं की सुलेखाला लायब्ररीत तासभर कम्प्युटर मिळतो. म्हणून तिला चोरून नवा इमेल काढून दिला.

पासवर्ड म्हणून सुलेखा अन्वीचं नाव घालत होती. म्हटलं, अगं, ते तर शेजारची म्हातारीही ओळखेल! सून ऊर्मिला शिकलेली. म्हणाली, "नाव नको, वाढदिवस नको. आई, तुम्ही एखादं लांबलचक वाक्य सांगा, त्याची पहिली अक्षरं घेऊ." मी ठेवणीतली शिवी सांगितली, जावयाच्याच मापाची. मधेमधे आकडे घातले. सुलेखा हसली. कितीतरी महिन्यांनी.

मग कम्प्युटरनं विचारलं, पासवर्ड विसरलात तर ओळख काय? आईचं माहेरचं आडनाव? मी म्हटलं, लिही — मिराशी! छाती फुगवून सांगितलं.

मंगळवार, १४ मार्च

सुलेखाची मेल आली. ऊर्मिलानं वाचून दाखवली. "परवा अन्वीसमोर मारलं."

सूनही रडली. मी भाजी चिरली. रडून कुणाची सुटका झालीय?

शुक्रवार, १७ मार्च

मेलवरच ठरलं. २५ तारखेला, शनिवारी, तो पोहायला जातो तेव्हा ती लेकीला घेऊन आगगाडीत बसणार. हरीश न्यूर्नबर्गला घ्यायला जाणार. हॅनोव्हरपर्यंत जा म्हटलं तर म्हणतो, "आई, नवरा-बायकोत कशाला पडायचं?" अर्ध्या वाटेचा भाऊ!

गुरुवार, २३ मार्च

मेल. "आई, मी येत नाही. प्रतापनं माफी मागितली. आता सगळं छान आहे. फोन करू नका, त्याला वाईट वाटेल."

हरीश म्हणाला, "बघ, मिटलं." सुटल्यासारखा झाला अगदी.

अन्वीचं नावसुद्धा नाही त्यात. सुलेखा अन्वीशिवाय दोन ओळी लिहीत नाही. मनात आलं, पण बोलले नाही. मिटलं असेल तर बरंच, असं मलाही वाटलं. लिहून ठेवते — वाटलं.

शनिवार, २५ मार्च

हरीश गेला नाही. चपात्या केल्या.

रविवार, २६ मार्च

राहवेना. ऊर्मिलाला म्हटलं, उघड तिचा इमेल. पासवर्ड चालेना! तीनदा घातला. ती पांढरी पडली. "आई, कुणीतरी प्रश्नाचं उत्तर देऊन पासवर्ड बदललाय."

प्रश्नाचं उत्तर! मुलीचं स्थळ बघताना कागदावर काय लिहितात? गोत्र, उंची, रंग — आणि मामेकुळ. मामेकुळ मिराशी. आठ वर्षांपूर्वी मी माझ्या हातानं लिहिलं, वळणदार अक्षरात, आणि प्रतापच्या आईच्या हातात ठेवलं. पुढच्या दाराला एवढं कुलूप घातलं आणि मागच्या दाराची किल्ली सासरी कधीचीच देऊन बसले होते. चौथी शिकलेली बाई मी — पण हे कळायला शाळा कशाला हवी होती?

म्हणजे इमेलचा सुगावा लागून त्यानं सगळं वाचलं; गुरुवारची मेल त्याची.

रात्री हरीशनं तिथे फोन लावला. प्रताप म्हणाला, "बरी आहे, झोपलीय. आईंना नमस्कार सांगा." हरीशनं फोन ठेवला. मग गाडीची किल्ली काढून ठेवली; पहाटे निघणार. सहा तासांचा रस्ता.

सोमवार, २७ मार्च

हरीश पोचला तर घराला कुलूप.

दुपारी सुलेखाचा फोन. जिवंत आहे. अन्वी जवळ आहे. शनिवारी हॅनोव्हरच्या फलाटावर तो आधीच उभा होता. "तुझ्या आईनंच सांगितलं," म्हणाला. घरी नेऊन मारलं. आज तो ऑफिसला गेल्यावर ती पोलिसांत गेली. त्यांनी बायकांच्या आसऱ्याच्या घरात ठेवलंय. कुठल्या गावात, ते बोलली नाही.

"तुम्हा तिघांनाच माहीत होतं, आई."

खोटं आहे म्हणायला तोंड उघडलं. वळणदार अक्षरातला तो कागद आठवला.

"पत्ता सांगणार नाही," म्हणाली.

म्हटलं, "नकोच सांगूस. मलासुद्धा."

तिनं फोन ठेवला.