वालाचा पहिला तोडा

माय, यंदाही वालावर मावा पडला आहे. कोवळ्या शेंड्यांना ती काळी कीड इतकी गच्च चिकटली आहे की हात लावायला किळस येते. नालवाडीच्या या घरामागे जागा ती केवढी, एक वेल आणि चार वांगी, पण सकाळी पानांवर दव असतानाच मी चाळलेली राख घेऊन उभी राहते. ओल्या पानाला राख धरून बसते, हे तुझंच शिकवणं. राख उडाली की खोकला येतो, तोही तुझाच.

तो खोकलाच सगळ्याच्या मुळाशी होता. आर्वीजवळच्या आपल्या घरी, मी कॉलेजला जायला लागले त्या हिवाळ्यात, तू नाकाला पदर लावून वेलावर राख टाकायचीस आणि मग चुलीपाशी छाती धरून खोकत बसायचीस. मला ते ऐकवत नव्हतं. बाबांनी कपाशीच्या पऱ्हाटीवर मारायची विषारी पावडर माळ्यावर ठेवली होती, आणि घरच्या भाजीजवळ ती न्यायची नाही अशी सक्त ताकीद होती. पण चार पुस्तकं वाचून मला शिंगं फुटली होती. तू बाजाराला गेलीस तशी मी ती वेलभर धुरळली. आठ दिवस शेंगा तोडू द्यायच्या नाहीत, काहीतरी निमित्त सांगायचं, एवढाच माझा बेत. सकाळी मात्र मला उठायला उशीर झाला.

अंगणात येऊन बघते तर तू टोपली भरून कुंपणापाशी उभी. वेल अर्धा शेजारच्या काकूंच्या कुंपणावर चढायचा, म्हणून पहिला तोडा त्यांच्या घरी आणि मग आपल्या चुलीवर, ही तुझी रीत. त्यांच्याकडे तीन लहान पोरं. पानांवरची पावडर तुला राखच वाटलेली. मला पाहून म्हणतेस, "तूनंच राख टाकली ना वं? गुणाची माही पोर." काकू हात पुढे करतात. मी धावत येते, टोपली हिसकावते, उकिरड्याच्या खड्ड्यात उलटी करते आणि वर माती लोटते.

तू ओरडलीस, "काऊन फेकल्या वं? लेकराइच्या तोंडचा घास हिसकला तू!"

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण 'गुणाची पोर' ऐकून अजून क्षणही झाला नव्हता. मी पायानं आणखी माती लोटत राहिले. दुपारी मी वेलही मुळापासून कापून पुरला. पहिला तोडा शेजारी जातो याचाच पोरीला राग, तिचा हात शेजाऱ्यांना मूठभर शेंगा द्यायलाही उचलत नाही, अशी तुझी समजूत झाली. तू काकूंची माफी मागून आलीस. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. तू ताट वाढलंस आणि हळूच म्हणालीस, "तुले इतक्या आवडतात तं सांगाचं होतं मले."

लग्न होऊन मी इथे आले, आणि दर हिवाळ्यात आर्वीच्या एसटीनं तुझी पिशवी यायला लागली. कंडक्टर हसत निरोप सांगायचा, "मायनं सांगतलं, पयला तोडा हाय. कोणाले देऊ नोको, तूच खाजो." माझ्यासाठी तू तुझी रीत मोडलीस, माय, शेवटच्या हिवाळ्यापर्यंत. ती पिशवी उघडताना मला रडू यायचं. खरं कळवावं म्हणून कितीदा कार्ड घेऊन बसले. पण तुला कळलं तर पिशवी यायची बंद होईल, एवढी मी आपमतलबी.

आता पाठवायला पत्ता उरला नाही, म्हणून लिहायला धीर आला. हा कागद वालाच्या बियांच्या डब्यात राहील. राखेनं मावा हटला तर पहिला तोडा मी शेजारीच देणार आहे. आणि एक राहिलंच. मला वालाच्या शेंगा कधीच आवडल्या नाहीत. तू पाठवलेल्या मात्र एकूण एक खाल्ल्या, कोणालाच दिल्या नाहीत.