मुका झालेला गेम

माधवनगर,
९ सप्टेंबर २०२५

चि. आर्जवास अक्काचा जय जिनेंद्र आणि अनेक आशीर्वाद.

तुझं क्षमावणीचं कार्ड पोचलं. दरवर्षी तेच छापील 'जाणता-अजाणता मन दुखावलं असल्यास', फक्त साल बदलतं! परत पाठवतेय. मास्तर आहेस, दोन ओळी हाताने लिही.

खरं तर क्षमा मीच मागायची. हौसेनं तू मला शाळेच्या वर्धापनदिनाला साताऱ्याला बोलावलंस आणि ज्यावर मी धुना बसवून वाजवते तो माझा हातातला व्हिडिओ गेम ऐन रंगात मुका झाला. सगळ्या स्टाफपुढे तुझी मान खाली गेली. तेव्हापासून तीनदा उघडला, नवं सोल्डरिंग केलं. दोष सापडत नाही. घरी छान वाजतो, चारचौघांत दगा देतो. माझेच हात बिघडले म्हणायचे. गेमवरचं संगीत आता बंद. फलटणच्या बेंजो पार्टीचे जोतीरामदादा कधीपासून मागतायत, रविवारी देऊन टाकते.

आईचा गुडघा बरा आहे. तिनं सूनबाईंना विचारलंय म्हणून सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कीर्तीअक्का

सातारा,
१५ सप्टेंबर २०२५

ती. कीर्तीअक्कास आर्जवचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारीच आलं. लगेच फोन केला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि ठेवून दिला. जीभ उचलली नाही. रविवारही तसाच जाऊ दिला. स्वतःचीच शरम वाटते.

अक्का, तुझा गेम बिघडला नव्हता. साउंडच्या मिक्सरवर मी बसलो होतो. तुझी बीप-बीप सुरू झाली तशा मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मागून कुणीतरी विचारलं, की ह्यो कुणाचा मोबाईल वाजतोय. सगळे हसले. मी बटण फिरवून तुझा आवाज शून्यावर आणला.

तू घामाघूम होऊन सेल काढून पुसत होतीस. शेवटी मलाच हात जोडलेस, आणि मी मोठ्या मनानं असू दे, असू दे म्हणालो. गेममधून निघतात चारच बारीक आवाज, त्यांत तू आपल्या अप्पांच्या कापड विणायच्या मागाची खटखट बसवली होतीस. मला ती आवडली होती, हेच जास्त टोचतं.

माफ कर म्हणायचा हक्क नाही, तरी म्हणतो. अंतर देऊ नकोस.

तुझा अपराधी,
आर्जव

माधवनगर,
१९ सप्टेंबर २०२५

चि. आर्जवास आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. गेम रविवारीच गेला, आतल्या अकरा धुनांसकट. जोतीरामदादा वाजवून बघत म्हणत होते, की लय ग्वाड वाजतंय, तुमी सोडताय कशापायी. मी म्हटलं, मला जमत नाही. महिनाभर मी तेच खरं मानून चालले होते, आर्जव.

बसदीत दर्शनाला आलेल्या सगळ्यांना क्षमा म्हणून आले. तुला अजून म्हणवत नाही, मग खोटं कशाला लिहू?

मी फोन केला तर दादा गेम परत देतील. पण मी करणार नाही. तू फलटणला जा. त्यांची सगळी पार्टी बसलेली असली तरी खरं कारण सांगून माग. दिला तर घेऊन ये. नाही दिला तर रिकाम्या हाताने ये, पण ये. आईला मी काही बोललेले नाही. ते तूच सांगायचंस, माझ्यासमोर.

जीव आहे म्हणूनच राग आहे.

तुझी,
अक्का