लांब दांड्याची बेचकी

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, धंदा वेल्डिंग, हे मृत्युपत्र माझ्या वर्कशॉपमध्ये बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गळ घातलेली नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सूनबाईला काहीच ठेवले नव्हते.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावी.

२. वर्कशॉप, दोन्ही वेल्डिंग मशिने, पाइप वाकवायचे यंत्र आणि सगळी अवजारे सूनबाईला मिळावीत. मुलाला वाईट वाटेल, म्हणून कारण लिहितो.

सूनबाई मोठ्या दवाखान्यात सुरक्षारक्षक आहे. तिने ही नोकरी धरली तेव्हा "दारावर उभं राहणं बाईचं काम नाही" असे मी म्हणालो होतो आणि दोन महिने तिच्याशी धड बोललो नव्हतो. ते शब्द मी परत घेतो.

तिच्या एका सहकाऱ्याला सुरा लागला, त्या आठवड्यात ती वही घेऊन वर्कशॉपमध्ये आली. वहीत चित्र होते: माणसाहून लांब दांडा, टोकाला अर्धगोल बेचके.

"बाबा, सुरेवाल्याचा हात आमच्यापर्यंत पोचायला नको आणि त्यालाही इजा व्हायला नको. जमेल?"

"गुरं धरायचं काम दिसतंय," मी म्हणालो. ती हसली नाही.

पहिली बेचकी जड झाली, दुसरी वाकली. तिसरीला पातळ पाइप घेतला आणि बेचक्याला जाड रबर चढवले. प्रत्येक वेळी सूनबाई मला भिंतीला लावून धरायची आणि म्हणायची, "आता सुटून दाखवा." तिसऱ्या वेळी मला सुटता आले नाही आणि खरचटलेही नाही. तशा तीन केल्या.

गेल्या वर्षी भर दुपारी एक तरुण सुरा घेऊन दवाखान्याच्या तपासणीच्या दालनात शिरला. त्याचे वडील त्याच सकाळी तिथे वारले होते. मी गुडघा दाखवायला रांगेत बसलो होतो, तेव्हा हे ऐकीव नाही. सूनबाईने समोरून त्याच्या कमरेला बेचकी लावली आणि त्याला भिंतीपर्यंत रेटले. दुसऱ्या रक्षकाने त्याच्या बेचकीने गुडघे अडवले, तिसऱ्याने सुऱ्याचा हात मनगटाशी दाबून धरला.

"दादा, मी ऐकतेय. सुरा सोडा. तुम्हाला कोणी मारणार नाही," ती सारखी म्हणत होती.

मागून बंदूकवाला पोलीस आला. "बाजूला हो."

"साहेब, धरलाय. दोन मिनिटं द्या."

तिने मागे वळून पाहिले नाही. आवाज चढला नाही. सुरा फरशीवर पडला. तो तरुण रडायला लागला, तरी त्याचा तोल जाऊ नये म्हणून तिने बेचकी हळूहळू सैल केली.

संध्याकाळी त्याची आई दवाखान्याच्या फाटकापाशी आली. "माझ्या पोराला कुठे लागलं?"

"कमरेला वळ उठलाय, मावशी. चार दिवसांत जाईल."

ती बाई सूनबाईचा हात धरून पायरीवर बसली. नवरा गेला होता, मुलगा होता. पन्नास वर्षे मी फाटके आणि जाळ्या केल्या. माझ्या कामाचा असा उपयोग मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

३. बेचकीची मापे मागेल त्याला द्यावीत. एक ठेकेदार बेचक्याला आतून खिळे लावून मागत होता. त्याला मी हाकलले. त्याच्याशी असलेले माझे भांडण माझ्यामागेही चालू ठेवावे.

४. माझी स्कूटर मुलाला मिळावी, पण एका अटीवर. बायको घरी येईपर्यंत तू घड्याळाकडे बघत असतोस, हे मला ठाऊक आहे, मीही बघतो. म्हणून रोज तिला कामावर सोडायला जावे. वाटेत नोकरी सोडण्याचा विषय काढू नये. हेल्मेटमध्ये तिला ऐकू येत नाही, असे ती सांगेल. ते खरे मानावे.

वाचून, समजून सही केली.

(सही) मृत्युपत्र करणार

आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार १ (सही), आमचे डॉक्टर
साक्षीदार २ (सही), शेजारचे सुतार

ठिकाण: वर्कशॉप
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४