रांगेतला मोठा घोडेस्वार

मी, चष्म्यांचा जुना दुकानदार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणाचा दाब नाही. जवळचे मला अजून बिनचष्म्याचे दिसते. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही पुतण्याला दिले होते. ते आज रद्द करतो. का, ते पुढे येईल.

कलम १. माझी शिशाची सैन्ये, टेबलासकट, माझ्या मित्राला द्यावीत. त्याला आम्ही कर्नल म्हणतो. हा जन्मभर बँकेत कारकून होता. बंदूक पाहिली ती बँकेच्या रखवालदाराची. दर रविवारी आम्ही टेबलावर जुन्या लढाया लढतो आणि सैनिक कोणत्या मापाचे घ्यावेत यावरून खरेखुरे भांडतो. त्याला बोटाएवढे हवेत, कारण त्यांच्या मिशा रंगवता येतात. मी तांदळाच्या दाण्याएवढे, सहा मिलिमीटरचे निवडले. "अरे, यांना तोंडंच नाहीत!" असे तो म्हणतो. तोंडे हवीत कशाला? त्याचे दहा मांडले की दहा माणसे दिसतात, माझे मांडले की सैन्य दिसते. कर्नलने माझे सैनिक आपल्या मिशाळांत मिसळू नयेत, आणि चाल मोजताना मोजपट्टी सैल धरून अंतर चोरणे आता तरी सोडावे.

कलम २. सैनिक विकणारा खेळण्यांचा दुकानदार आणि समोरचा शिंपी या दोघांना साक्षीला बोलावले आहे. साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात, म्हणून दोघांना काहीही देत नाही. त्यांनी राग मानू नये.

कलम ३. थोरल्या भावाच्या मागे पुतण्याला मीच वाढवले. पोटच्या मुलासारखी माया लावली आणि ती अजूनही तुटत नाही, हीच पंचाईत आहे.

गेल्या महिन्यात उजव्या बगलेचे घोडदळ पुढे सरकवताना एक घोडेस्वार मला बाकीच्यांहून मानभर उंच दिसला. कोट तोच, घोडा तोच पांढरा, पण माप दहा मिलिमीटर. माझ्या हातून असे होणे नाही. दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, "तुमचा पुतण्याच घेऊन गेला की! म्हणाला, काकांचा एक मोडलाय माझ्या हातून, त्यांना कळायच्या आत जागेवर ठेवायचाय. मी विचारलं माप कुठलं, तर म्हणाला, छोटंच द्या काहीतरी."

त्या बगलेच्या मागे भिंतीतले कपाट आहे. टेबलावर ओणवे होऊन कोपर टेकल्याशिवाय तिथवर हात पोहोचत नाही. कपाटात माझ्या हृदयाच्या गोळ्यांची बाटली असते, दुसरे काही नसते.

बाटली घेऊन मी औषधवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी दोन गोळ्या तळहातावर घेऊन उजेडात धरल्या. "काका, या मी दिलेल्या नाहीत. कधीपासून घेताय?" चक्कर येऊ लागली तेव्हापासून, मी म्हणालो. "पोलिसांत जा," त्या म्हणाल्या. दोन गोळ्या आणि एक उंच घोडा घेऊन कोणत्या तोंडाने जाऊ? आणि नाव कोणाचे सांगू? मला भीती वाटते. त्याहून जास्त वाईट वाटते.

कलम ४. राहते घर. मी जिवंत असेपर्यंत पुतण्याने येथेच राहावे आणि खालच्या दुकानाचे भाडेही त्यानेच घ्यावे. माझा श्वास थांबेल त्या दिवसापासून, कारण काहीही असो, घर आणि दुकान अंधशाळेचे. म्हणजे मी जितका जगेन तितका त्याचाच फायदा. इतकी चांगली चाल मला टेबलावर कधी सुचली नव्हती.

पुरवणी. आमच्या खेळात चाल आधी मोठ्याने जाहीर करायची आणि मग सैनिक हलवायचा असतो. त्याच सवयीने मी वरची कलमे आज दुपारी पुतण्याला वाचून दाखवली. मी मेल्यावर ती वाचली जाऊन माझा जीव थोडाच वाचणार होता? त्याने सगळे शांतपणे ऐकले.

"सही झाली, काका?"

"साक्षीदारांसमोर करायची असते. संध्याकाळी येतायत दोघं."

"म्हणजे अजून झाली नाही."

"नाही."

"बरं," म्हणाला, आणि दार ओढून घेतले. बाहेरून कडी लावल्याचा आवाज आला.

आता संध्याकाळ झाली आहे. मघाशी बेल वाजली. मी दारावर दोन्ही हातांनी आपटले, हाका मारल्या. पुतण्या जिन्यात बोलत होता, तेही अगदी काळजीच्या आवाजात. "काकांना हल्ली भास होतात हो. मलाच चोर समजतात. आत्ताच गोळी द्यायचीय, मग झोपतील. तुम्ही उद्या या."

शिंपी हळहळला. दुकानदार म्हणाला, "जपा हो त्यांना. तुमच्याशिवाय आहे कोण?"

दोघे जिना उतरून गेले. आता स्वयंपाकघरात पाण्याचा नळ सुरू आहे. सही मी एकट्यानेच करत आहे.

मृत्युपत्र करणार : (सही)
साक्षीदार १, खेळण्यांचा दुकानदार :
साक्षीदार २, समोरचा शिंपी :
स्थळ : राहते घर, टेबलाची खोली
दिनांक : १९ नोव्हेंबर