शिरेबाहेरची चरबी

मुलुंड, मंगळवार

शेजारच्या दामलेकाकूंना आज सांगितलं, पोटातल्या मोठ्या शिरेत गाठ नाही. मुळात ती नव्हतीच. गेल्या आठवड्यात चहा पिता पिता मी त्यांची सीटी स्कॅनची फिल्म खिडकीशी धरली आणि ‘शिरेत चरबीची गाठ दिसते’ म्हणून मोकळी झाले. रोज स्कॅन वाचणारी मी! आज त्याच स्कॅनची सीडी लावून, फिल्मवर नसलेला पोटाचा उभा छेद पाहिला. चरबी शिरेच्या बाहेर, नुसती खेटून. असते ती तिथे, पुष्कळांना.

पण चूक माझी, हे कुठे म्हटलं? एवढंच म्हटलं, ‘‘आता काळजी नको.’’

काकू सुनेकडे वळल्या. ‘‘बघ गं, तूप सोडलं आणि विरघळली!’’

‘‘मी म्हणतच होते ना, आई. आता कायम कोरडी भाकरी.’’

तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं. मी हसले.

दारात काकू थांबल्या. ‘‘माझ्या बहिणीलाही गाठ आहे गं. ऑपरेशन सांगितलंय. तिला म्हणू का, आधी तूप सोडून बघ?’’

तेव्हा सगळं सांगितलं. काकूंनी आठवडाभर रडून काढलेल्या रात्रींसाठी तोंड उघडलं नव्हतं. मी स्वतः घाबरले, तेव्हा उघडलं.