पिल्लं उडेपर्यंत

प्रिय वैदू,

तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मुद्दाम मराठीत लिहिते आहे. हळूहळू वाच. इंग्रजीत लिहिलं तर कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेली गुळगुळीत वाक्यं येतील, आणि आज मला गुळगुळीत लिहायचं नाही.

बाबांच्या तेराव्याला तू म्हणालीस, "त्या पक्ष्यांपायी बाबांनी जीव घालवला." मी पानं वाढत राहिले. तू टेक्सासला, शुगर लँडला परत गेलीस, पण ते वाक्य काही या घरातून जात नाही.

ते हमिंगबर्ड तू कधी पाहिलेच नाहीस. तुम्ही यायचात नाताळच्या सुट्टीत, तेव्हा ते मेक्सिकोत. कोलोराडोच्या या डोंगरात एप्रिल संपताना, अंगणात अजून बर्फ असतो तेव्हा आधी नर येतात. दिसायच्या आधी ऐकू येतात. पंखांतून बारीक घुंगरू वाजल्यासारखं. पाठ हिरवी, गळा अगदी कोकम सरबताच्या रंगाचा. ऊन फिरलं की तोच गळा काळा दिसतो. मादीच्या गळ्याला तो रंग नाही, नुसते ठिपके. स्प्रूसच्या झाडाच्या फांदीवर, वर दुसऱ्या फांदीचं छप्पर येईल अशी जागा बघून ती घरटं करते. अर्ध्या लिंबाएवढं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, बाहेरून दगडफूल चिकटवलेलं. हो, आपल्या गोड्या मसाल्यात असतं तसलंच.

पहिल्या वर्षी मी त्यांच्यासाठी बाहेर टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीत साखरेऐवजी मध घातला, बाळाला चाटवतात ना, त्या मायेने. बाबांनी तो ओतून दिला. मधाने म्हणे त्यांच्या जिभेला बुरशी येते. मग एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, असं माप त्यांनी फ्रिजवर लिहून लावलं. अस्वलं येतात म्हणून संध्याकाळी बाटली आत घ्यायची. ते विसरले तर मी, मी विसरले तर ते.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं, बाबांच्या फुप्फुसांना ही उंची आता झेपणार नाही, लवकर खाली राहायला जा. तुला मी फोनवर रिपोर्ट ठीक आहेत म्हणाले. खरं तुला बाबा गेल्यावरच कळलं, आणि इथे राहण्याचा हट्ट त्यांचाच होता असं तू धरून चाललीस. बाबांनी मात्र त्याच दिवशी बॅग काढली होती. "वैदूकडे जाऊ या. हमिंगबर्ड काय, टेक्सासमध्येही असतात."

थांबवलं मी. आधी म्हटलं, नर येऊ देत. मग म्हटलं, मादीने घरटं केलंय, पिल्लं उडू देत. त्यांनी ऐकलं. नोकरीसाठी ट्रॉय शहरात राहिलो ती एकतीस वर्षं ते कंपनीचे होते, उरलेल्या वेळात तुझे. निवृत्तीनंतर इथे सकाळच्या चहापासून ते माझे एकटीचे झाले. तुमच्याकडे आले असते तर पुन्हा तुझे बाबा झाले असते, निधीचे आजोबा झाले असते. मला ते वाटून घ्यायचे नव्हते. जुलैत पिल्लं उडाली आणि तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

परवा निधी फोनवर म्हणाली, आजोबांचा फोटो अजून खोक्यातच आहे, मम्मा त्यांच्यावर रागावली आहे. वैदू, हट्ट त्यांचा नव्हता. ते तुझ्याकडे यायला निघाले होते. आज फोटो भिंतीवर लाव. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर ठरव.

तुझीच,
आई